स्टारलिंकला युरोपाकडे पर्याय आहे का?

मार्च २०२५ च्या पहिल्या आठवड्यात पॅरिसच्या शेअर बाजारात युटेलसॅट नावाच्या फ्रेंच उपग्रह कंपनीचा शेअर काही दिवसांत तिपटीहून जास्त चढला. कंपनीने नवा शोध लावला नव्हता, नफाही वाढला नव्हता. उलट तिच्यावर मोठं कर्ज होतं. कारण घडलं होतं वॉशिंग्टनमध्ये. अमेरिकेने युक्रेनची लष्करी मदत थांबवली होती. त्याआधी युक्रेनबरोबरच्या खनिज कराराच्या वाटाघाटींत स्टारलिंक, म्हणजे इलॉन मस्क यांच्या स्पेसएक्स कंपनीची उपग्रह इंटरनेट सेवा, तोडण्याचा विषय निघाल्याच्या बातम्या आल्या होत्या. ९ मार्चला इलॉन मस्क यांनी लिहिलं की, आपण स्टारलिंक बंद केलं तर युक्रेनची सगळी आघाडी कोसळेल. आपण ते कधीही बंद करणार नाही, असंही त्यांनी स्पष्ट केलं. पण पहिलं वाक्य युरोपात सगळ्यांच्या कानात राहिलं. युक्रेनच्या स्टारलिंकसाठी वर्षाला सुमारे ५ कोटी डॉलर पोलंड भरतो. त्याचे परराष्ट्रमंत्री राडोस्लाव सिकोर्स्की यांनी तिथल्या तिथे सुनावलं की, सेवा बेभरवशाची निघाली तर दुसरा पुरवठादार शोधावा लागेल.

आता हा दुसरा पुरवठादार कोण? युरोपाकडे उपग्रह आहेत, रॉकेट आहेत, पैसा आहे. मग अडतं कुठे? हे समजून घ्यायला सुरुवात राजकारणातून करण्यापेक्षा उंचीपासून केलेली बरी, कारण उपग्रह इंटरनेटमधला प्रत्येक फायदा-तोटा उपग्रह किती उंचीवर आहे यावरून ठरतो.

उंची ठरली की बाकी सगळं ठरतं

विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर ठेवलेला उपग्रह पृथ्वीइतक्याच वेळात एक फेरी पूर्ण करतो. त्यामुळे खालून पाहणाऱ्याला तो आकाशात एकाच जागी दिसतो. याला भूस्थिर उपग्रह म्हणतात. घरावरची टीव्हीची डिश एकदा रोखली की कायमची बसते, ती याच कारणाने. असे तीन उपग्रह ध्रुवांजवळचा भाग सोडून जवळजवळ सगळी पृथ्वी पाहू शकतात.

अडचण अंतराची आहे. तुम्ही एखाद्या दुव्यावर क्लिक केलं की संदेश वर जातो, खाली भूकेंद्रात येतो, तिथून इंटरनेटवर जातो आणि उत्तर त्याच वाटेने परत येतं. भूकेंद्र म्हणजे मोठ्या अँटेना असलेलं ते ठिकाण, जिथे उपग्रहाचं जाळं जमिनीवरच्या फायबरला जोडलेलं असतं. म्हणजे उपग्रहापर्यंतचं अंतर चार वेळा कापावं लागतं. प्रकाशाच्या वेगानेही त्याला ०.४८ सेकंद लागतात, आणि यंत्रांचा वेळ धरून प्रत्यक्षात ०.६ सेकंद किंवा जास्त. या विलंबाला लेटन्सी म्हणतात. सिनेमा पाहताना तो जाणवत नाही. व्हिडिओ कॉलवर मात्र दोघं एकाच वेळी बोलायला लागतात आणि दोघंही थांबतात.

विलंब कमी करायचा तर उपग्रह खाली आणावा लागतो. लक्झेंबर्गमधल्या एसइएस कंपनीचे ओ-थ्री-बी एम-पॉवर उपग्रह सुमारे ८,००० किलोमीटरवर आहेत. तिथे विलंब ०.१५ सेकंदाच्या आसपास येतो. युटेलसॅटचं वनवेब १,२०० किलोमीटरवर आहे आणि विलंब ०.१ सेकंदाच्या आत राहतो. स्टारलिंक साधारण ५५० किलोमीटरवर फिरतं आणि त्याचा विलंब ०.०२५ ते ०.०५ सेकंद, म्हणजे घरातल्या केबल इंटरनेटच्या जवळपास.

पण खाली आलेला उपग्रह एका जागी थांबत नाही. तो क्षितिजावर उगवतो आणि काही मिनिटांत मावळतो, म्हणून त्याच्या मागे दुसरा तयार हवा आणि त्याच्या मागे तिसरा. जितकं खाली यावं तितके उपग्रह जास्त लागतात. वनवेबचे सहाशेहून जास्त आहेत, स्टारलिंकचे ९ हजारांच्या वर गेले आहेत.

युरोपाच्या हातात आज नेमकं काय आहे

सगळ्यात महत्त्वाचं नाव वनवेब. या कंपनीचा इतिहास म्हणजे युरोपाच्या अडचणींचा आरसा आहे. २०१२ मध्ये सुरू झालेली ही कंपनी मार्च २०२० मध्ये दिवाळखोरीत गेली. ब्रिटिश सरकार आणि सुनील मित्तल यांच्या भारती समूहाने प्रत्येकी ५० कोटी डॉलर घालून ती उभी केली. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केलं तेव्हा वनवेबचे ३६ उपग्रह बैकानूर तळावर रशियन रॉकेटच्या टोकावर बसून तयार होते. उपग्रह लष्करी कामाला वापरणार नाही अशी हमी द्या आणि ब्रिटिश सरकारला मालकीतून बाहेर काढा, अशी मागणी रशियाच्या अंतराळ संस्थेने केली. कंपनीने उड्डाण रद्द केलं आणि ते उपग्रह तिथेच अडकून पडले. पुढचं काम कोणी केलं? स्पेसएक्सने, म्हणजे स्पर्धकाच्याच रॉकेटने, आणि आपल्या इस्रोने. ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३ मध्ये श्रीहरिकोट्याहून एलव्हीएम-३ रॉकेटने प्रत्येकी ३६ उपग्रह वर नेले. सप्टेंबर २०२३ मध्ये वनवेब फ्रान्सच्या युटेलसॅटमध्ये विलीन झाली. आज फ्रान्स सरकार युटेलसॅटचं सर्वांत मोठं भागधारक आहे, वाटा जवळजवळ ३० टक्के. भारती आणि ब्रिटिश सरकार दोघेही आत आहेत.

दुसरा प्रकार जुन्या पद्धतीचा: मोठे भूस्थिर उपग्रह. सप्टेंबर २०२२ मध्ये सोडलेला युटेलसॅटचा कोनेक्ट व्हीएचटीएस हा ६.४ टन वजनाचा उपग्रह एकटा सेकंदाला ५०० गिगाबिट वाहून नेतो. पश्चिम युरोपातल्या सामान्य घरांना खरोखर विकली जाणारी युरोपीय सेवा म्हणजे ही. फ्रान्समध्ये ऑरेंज या दूरसंचार कंपनीची उपकंपनी नॉर्डनेट ती देते.

तिसरा एसइएस. जहाजं, विमानं, मोबाइल कंपन्या आणि सरकारं हे त्याचे ग्राहक. जुलै २०२५ मध्ये त्याने इंटेलसॅट ही मोठी कंपनी ३.१ अब्ज डॉलरला विकत घेतली. घराच्या छपरावर लावायची वस्तू एसइएस विकत नाही.

आणि चौथं आहे ते अजून कागदावर: आयरिस-स्क्वेअर, युरोपीय संघाचं स्वतःचं जाळं. त्याच्याबद्दल खाली सविस्तर.

वनवेब घरोघरी का मिळत नाही

लोक सहाशे उपग्रहांचा आकडा ऐकतात आणि वाटतं, स्टारलिंकपेक्षा कमी असतील, पण युरोपापुरते तर पुरतील. इथेच हिशेब चुकतो.

खालच्या कक्षेतले उपग्रह सगळ्या पृथ्वीभोवती फिरतात. वनवेबचे ध्रुवावरून ध्रुवाकडे जातात. ३५ ते ७० अंश उत्तर अक्षांश आणि पोर्तुगालपासून पूर्वेकडे ५० रेखांश एवढा चौकोन म्हणजे युरोप धरला, तर ढोबळ गणिताने कोणत्याही क्षणी त्यावर १७-१८ उपग्रह येतात. बाकीचे पॅसिफिकवर, अंटार्क्टिकावर, सहारावर. उपग्रहामागे ७-८ गिगाबिट धरले तर युरोपाच्या वाट्याला फार तर १३५ गिगाबिट. संध्याकाळी आठ वाजता, सगळे एकदम बसलेले असताना, एका घराला सरासरी २.५ मेगाबिट लागतात असं माना. हे सगळं घरांवरच खर्च केलं तरी जेमतेम पन्नास हजार घरं झाली. त्याच मापाने एकटा कोनेक्ट व्हीएचटीएस दोन लाख घरं सांभाळतो, कारण तो समुद्रावर भटकत नाही, त्याचा प्रत्येक झोत माणसांवरच रोखलेला असतो. दुसऱ्या बाजूला स्टारलिंकच्या सध्याच्या पिढीतला एक उपग्रह ९० गिगाबिटांहून जास्त देतो, वनवेबच्या बारापट, आणि असे उपग्रह हजारोंनी आहेत. डिसेंबर २०२५ मध्ये स्टारलिंकने ९० लाख ग्राहकांचा टप्पा सांगितला, तो या जोरावर.

त्यामुळे वनवेबने सुरुवातीपासूनच घरगुती ग्राहक धरला नाही. ते घाऊक विकतं: दूरसंचार कंपन्यांना, विमान कंपन्यांना, सैन्याला. ग्राहकाला सेवा मिळते ती मधल्या वितरकाकडून, ठरावीक स्पीडच्या लेखी हमीसह. डोंगरातल्या मोबाइल टॉवरला किंवा समुद्रातल्या तेलविहिरीला ही हमी फार मोलाची असते. घरात नेटफ्लिक्स पाहणाऱ्याला तिची गरज नसते.

दुसरी अडचण छपरावरच्या यंत्राची, म्हणजे टर्मिनलची. उपग्रह सरकत असतो, तेव्हा त्याच्यामागे अँटेना फिरावी लागते. वनवेबच्या पहिल्या टर्मिनलमध्ये म्हणूनच दोन गोल डिश असत: एक मावळत्या उपग्रहाला धरून ठेवते, दुसरी उगवत्याला शोधते, आणि मग जोडणी एकीवरून दुसरीवर जाते. दोन मोटरी, दोन घुमट, जास्त वजन. पुढे सपाट पॅनेल आली. त्यात हलणारा भाग नसतो, शेकडो छोट्या अँटेनांचे सिग्नल थोडे पुढे-मागे करून झोत वळवला जातो. पण अशी पॅनेल हजारांच्या संख्येत बनतात तेव्हा किंमत हजारो युरो असते, आणि लाखांच्या संख्येत बनतात तेव्हा काहीशे युरो. स्टारलिंकने लाखांनी बनवली, सुरुवातीला तोटा सोसून विकली. वनवेबला ते परवडलं नाही.

तिसरी गोष्ट उपग्रहांच्या रचनेतली. स्टारलिंकचे उपग्रह लेसरने एकमेकांशी बोलतात, त्यामुळे संदेश आकाशातूनच दूरवर नेता येतो. वनवेबच्या सध्याच्या उपग्रहांत ही सोय नाही. जो उपग्रह तुम्हाला दिसतो त्यालाच त्या क्षणी एखादं भूकेंद्रही दिसलं पाहिजे. ज्या भागात भूकेंद्राला सरकारी परवानगी मिळाली नाही, तिथे डोक्यावरून उपग्रह जात असूनही इंटरनेट मिळत नाही.

मग युक्रेनमध्ये काय झालं? एप्रिल २०२५ मध्ये युटेलसॅटच्या तेव्हाच्या प्रमुख इव्हा बर्नेके यांनी सांगितलं की, जर्मनीच्या पैशांतून त्यांची सेवा तिथे वर्षभरापासून चालू आहे, पण टर्मिनल हजाराच्या आत आहेत. स्टारलिंकची तिथे ४० हजारांच्या वर होती. एका पलटणीला आदेश पोचवायला, सरकारी कार्यालयं चालू ठेवायला युरोपीय सेवा पुरेशी आहे. प्रत्येक खंदकात, प्रत्येक ड्रोन तुकडीजवळ एक डिश, हे तिला आज जमणारं नाही.

एवढी चांगली सेवा असताना पर्याय हवाच कशाला?

हा आक्षेप रास्त आहे. स्टारलिंक स्वस्त आहे, वेगवान आहे, लावायला सोपं आहे. दुष्काळी गावात शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी गोड असतं आणि तो पैसेही वाजवी घेतो, तरी मोटरचं बटण त्याच्या घरात असतं. पेरणीच्या दिवशी दोघांचं बिनसलं तर पिकाचं काय, हा प्रश्न उरतोच. युरोपाची सरकारं हाच प्रश्न विचारत आहेत. जानेवारी २०२५ मध्ये इटली सरकार आपल्या सुरक्षित संपर्कासाठी स्पेसएक्सशी सुमारे १.५ अब्ज युरोच्या कराराची बोलणी करत असल्याची बातमी आली, तेव्हा रोममध्ये विरोधकांनी नेमकं हेच विचारलं आणि चर्चा थंडावली.

भांडण नसतानाही एकाच्याच भरवशावर राहणं धोक्याचं असतं. २४ जुलै २०२५ ला स्टारलिंक जगभर सुमारे अडीच तास बंद पडलं. कारण होतं कंपनीच्या अंतर्गत सॉफ्टवेअरमधला बिघाड. युक्रेनच्या आघाडीवरही त्या वेळात संपर्क तुटला. तिथे कोणाचाही वाईट हेतू नव्हता.

मात्र युरोपीय शिक्का म्हणजे आपोआप सुरक्षितता, असंही समजू नये. २४ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे, आक्रमण सुरू होत असतानाच, का-सॅट या उपग्रहाच्या जाळ्यावर सायबर हल्ला झाला. हल्लेखोर इटलीतल्या जमिनीवरच्या व्यवस्थापन यंत्रणेत शिरले, तेही चुकीच्या पद्धतीने बसवलेल्या एका व्हीपीएन (दुरून कुलूपबंद वाटेने जाळ्यात जाण्याची सोय) उपकरणातून. तिथून त्यांनी हजारो घरांतल्या मोडेमची मेमरी पुसणारी आज्ञा सोडली. युक्रेनबरोबर जर्मनीतल्या ५,८०० पवनचक्क्यांचा दूरस्थ संपर्कही तुटला. उपग्रह आकाशात ठणठणीत होता. त्याची मालकी अमेरिकेच्या व्हायासॅटकडे होती आणि जमिनीवरचं जाळं युटेलसॅटची उपकंपनी सांभाळत होती. उपग्रह कोणाचा, याइतकाच महत्त्वाचा प्रश्न मोडेमचं सॉफ्टवेअर कोण बदलू शकतो हा आहे. सरकारी खरेदीच्या चर्चेत तो हवा तितका विचारला जात नाही, आणि ही चिंतेची गोष्ट आहे.

आयरिस-स्क्वेअर: युरोपाचं उत्तर, पण कोणासाठी?

१६ डिसेंबर २०२४ ला युरोपीय आयोगाने एसइएस, युटेलसॅट आणि स्पेनची हिस्पासॅट यांच्या गटाबरोबर १२ वर्षांचा करार केला. सुमारे २९० उपग्रह, त्यातले बहुतेक १,२०० किलोमीटरवर आणि थोडे ८,००० किलोमीटरच्या पट्ट्यात. एकूण खर्च १०.६ अब्ज युरो: साडेसहा अब्ज सार्वजनिक पैसा, उरलेले कंपन्यांचे. २०२२ मध्ये प्रस्ताव मांडला तेव्हा एकूण अंदाज ६ अब्जांचा होता. जर्मनीने खर्चावर आणि कामाच्या वाटपावर उघड नाराजी दाखवली होती. सेवा पूर्णपणे सुरू व्हायला २०३० उजाडेल किंवा त्याच्याही पुढे जाईल.

२९० उपग्रहांत स्टारलिंकशी स्पर्धा होणार नाही, हे वरच्या हिशेबावरून कळलंच असेल. ते उद्दिष्टही नाही. दूतावास, सैन्य, सीमारक्षक, भूकंप-पुरात काम करणारी पथकं, वीजजाळी: यांना कोणत्याही परिस्थितीत चालू राहील असा, चाव्या युरोपात असलेला संपर्क मिळावा म्हणून हे जाळं आहे. क्षमता उरली तर कंपन्या ती विकतील. सामान्य घरापर्यंत त्यातला थोडाच भाग पोचेल.

तोपर्यंत मधल्या काळासाठी गोवसॅटकॉम नावाची सोय आहे: सदस्य देशांकडे आधीच असलेल्या सरकारी उपग्रहांची क्षमता एकत्र करून ज्याला गरज आहे त्याला द्यायची. नवीन काही सोडायचं नाही, असलेलं वाटून घ्यायचं. गाजावाजा नसलेला, पण सगळ्यात लवकर उपयोगी पडणारा भाग हाच आहे असं आमचं मत आहे.

वनवेबचे उपग्रह म्हातारे होत चालले आहेत, पहिले २०१९ मध्ये गेले होते. युटेलसॅटने एअरबसकडे डिसेंबर २०२४ मध्ये १०० आणि त्यानंतर आणखी ३४० नव्या उपग्रहांची मागणी नोंदवली. ते तुलूजमध्ये बनत आहेत; आधीचे बहुतांश फ्लोरिडातल्या कारखान्यात बनले होते. यातले बरेचसे जुन्यांची जागा घेतील, म्हणजे आकडा ऐकून जाळं दुप्पट होणार असं धरू नका.

रॉकेट कुठे आहेत?

खरी कोंडी इथे आहे. जुलै २०२३ मध्ये युरोपाचं एरियान-५ रॉकेट निवृत्त झालं आणि एरियान-६ चं पहिलं उड्डाण जुलै २०२४ मध्ये झालं. मधलं वर्षभर युरोपाकडे जड उपग्रह नेणारं स्वतःचं रॉकेट नव्हतं. २०२४ मध्ये स्पेसएक्सच्या फाल्कन रॉकेटांनी १३० हून जास्त उड्डाणं केली. एरियान-६ पूर्ण वेगात आलं तरी वर्षाला नऊ-दहा उड्डाणांचं लक्ष्य आहे. फाल्कनचा खालचा टप्पा परत उतरतो आणि पुन्हा वापरला जातो. एरियान-६ चा प्रत्येक टप्पा एकदाच वापरून संपतो. त्यातच एरियान-६ ची १८ उड्डाणं ॲमेझॉनने आपल्या उपग्रह इंटरनेटसाठी २०२२ मध्येच राखून ठेवली आहेत. म्हणजे युरोपाचं रॉकेट पुढची काही वर्षं बऱ्याच अंशी दुसऱ्या एका अमेरिकन जाळ्याची उभारणी करणार.

एसइएसचे एम-पॉवर उपग्रह तर अमेरिकेत बोइंगने बांधले आणि फाल्कनने नेले. यात लाजण्यासारखं काही नाही, पण स्वायत्तता मोजायची तर ती साखळीच्या प्रत्येक कडीला मोजावी लागते: चिप, उपग्रह, रॉकेट, भूकेंद्र, टर्मिनल, सॉफ्टवेअर. ऑक्टोबर २०२५ मध्ये एअरबस, थालेस आणि लिओनार्डो या युरोपीय कंपन्यांनी आपले उपग्रह विभाग एकत्र करून २०२७ पर्यंत एक कंपनी करायचं ठरवलं, ते या कड्या एका हाताखाली आणण्यासाठी. दुसरीकडे जर्मनीने २०३० पर्यंत लष्करी अंतराळ कामांसाठी ३५ अब्ज युरो जाहीर केले आहेत, आणि स्वतंत्र लष्करी जाळ्याचा विचार चालवला आहे. प्रत्येक देश वेगळं जाळं बांधू लागला तर प्रत्येकाचेच उपग्रह बहुतेक वेळ समुद्रावर फिरतील. जाळं एकत्र बांधलं तरच खर्च झेपणारा आहे.

उंचीचा आणखी एक परिणाम आहे. ५५० किलोमीटरवर विरळ हवेचं घर्षण होतं, बंद पडलेला उपग्रह साधारण पाच वर्षांत आपोआप खाली येऊन जळतो. १,२०० किलोमीटरवर तसं होत नाही. तिथला मेलेला उपग्रह शतकानुशतकं फिरत राहतो. म्हणून वनवेब किंवा आयरिस-स्क्वेअरला इंधन शिल्लक असतानाच प्रत्येक उपग्रह खाली उतरवावा लागतो. ही जबाबदारी खर्चात धरलेली असली पाहिजे.

युरोपात गावाकडे राहत असाल तर काय लावावं

बव्हेरियाच्या किंवा आयर्लंडच्या आडगावात घर घेतलेल्या मराठी कुटुंबांपुढेही हा प्रश्न येतो. क्रम असा ठेवा. फायबर येत असेल तर उपग्रहाचा विचारच नको. ते नसेल तर घराबाहेर उंचावर ४जी-५जी अँटेना लावून पाहा; घरात एक काडी दाखवणारा सिग्नल छपरावर पुष्कळदा कामाचा निघतो. दोन्ही जमलं नाही आणि अमेरिकन सेवा नको असेल, तर भूस्थिर उपग्रहाची युरोपीय सेवा हाच आज हाताशी असलेला पर्याय आहे.

डिश साधारण ७५ सेंटिमीटरची असते. दक्षिणेचं आकाश मोकळं लागतं. कोनेक्ट व्हीएचटीएस २.७ अंश पूर्व रेखांशावर आहे. म्युनिकहून तो दक्षिणेच्या बारा अंश पश्चिमेला आणि क्षितिजापासून सुमारे ३४ अंश उंच दिसतो. जितकं उत्तरेला जावं तितका भूस्थिर उपग्रह खाली झुकतो. अगदी दक्षिणेला असलेला उपग्रहही माद्रिदला ४३ अंश, हेलसिंकीला २१-२२, नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला जेमतेम १२. तिथे समोरची टेकडी किंवा शेजारचं घरही आड येतं. म्हणून ध्रुवाकडच्या भागात वनवेबचे ध्रुवीय उपग्रह फार उपयोगी ठरतात. त्यांच्या सगळ्या वाटा ध्रुवाजवळ एकत्र येतात आणि गर्दी तिथेच सर्वांत जास्त असते.

जागा हिवाळ्यात पाहिली असेल तर उन्हाळ्यात पानं फुटल्यावर पुन्हा पाहा, ओलं पान सिग्नल अडवतं. या डिशचा झोत एक-दीड अंशाचाच असतो, त्यामुळे हलणाऱ्या कुंपणाच्या खांबावर ती लावू नका. भिंतीत पक्के बोल्ट हवेत. केबलचे बाहेरचे जोड पाणीरोधक टेपने गुंडाळा. महिन्याभराने स्पीड हळूहळू पडत असेल तर पहिला संशय जोडात शिरलेल्या पाण्याचा घ्या. जोरदार पावसात वेग पडणं मात्र बिघाड नव्हे. या लहरींची लांबी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर असते आणि पावसाचे थेंब त्या शोषतात, तेव्हा मोडेम मुद्दाम सावकाश पण पक्का संदेश पाठवतं. डिशवर साठलेला बर्फ हाताने झाडावा लागतो.

ऑफिसचं काम घरून करणाऱ्यांनी एक गोष्ट आधी विचारावी. लांबच्या उपग्रहावर डेटाचा तुकडा मिळाल्याच्या प्रत्येक पोचपावतीची वाट पाहिली तर डाउनलोड रांगत चालेल, म्हणून मोडेम आणि भूकेंद्र मधल्या मध्ये पोचपावत्या देऊन वेग टिकवतात. ऑफिसचं व्हीपीएन सगळं कुलूपबंद करतं, त्यामुळे ही युक्ती चालत नाही. मग १०० मेगाबिटांच्या जोडणीवर कंपनीची फाइल काही मेगाबिटांनी उतरते आणि लोक डिशला दोष देतात. घेण्याआधी महिनाभराची चाचणी मागा, आपल्याच व्हीपीएनवर तपासा, आणि किती डेटानंतर वेग कमी करतात हे करारात वाचा. खेळ खेळणाऱ्यांना आणि शेअरचे झटपट सौदे करणाऱ्यांना ही सेवा जमणार नाही.

भारतात हाच प्रश्न वेगळ्या रूपात

आपल्याकडे परवाना मिळालेल्या तीन प्रमुख खेळाडूंत दोघांची तंत्रज्ञानाची मुळं युरोपात आहेत: भारतीचा वाटा असलेलं युटेलसॅट वनवेब आणि एसइएसबरोबर भागीदारी केलेलं जिओ. तिसऱ्या स्टारलिंकला जून २०२५ मध्ये परवाना मिळाला. त्याआधी मार्चमध्ये एअरटेल आणि जिओ या दोघांनीही स्टारलिंकची उपकरणं विकण्याचे करार केले होते. ५ नोव्हेंबर २०२५ ला महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकबरोबर इरादापत्रावर सही केली. गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिवमधल्या शाळा, आरोग्य केंद्रं आणि सरकारी कार्यालयं जोडण्याचा त्यात विचार आहे.

सेवेचं बटण कोणाच्या हाती, हा प्रश्न भारताने स्वतःचं जाळं न बांधता परवान्याच्या अटींतून सोडवायचा प्रयत्न केला आहे. मे २०२५ च्या सुरक्षा नियमांनुसार भारतातल्या ग्राहकाचा डेटा भारतातल्या भूकेंद्रातूनच जायला हवा, आणि सरकारने सांगितल्यास ठरावीक भागातली सेवा कंपनीला बंद करता आली पाहिजे. वनवेबने त्यासाठी गुजरातेत मेहसाणा इथे आणि दक्षिण भारतात भूकेंद्रं उभारली आहेत. या अटींमुळे सेवा बंद करण्याचा अधिकार दिल्लीच्या हाती येतो. सेवा चालू ठेवायला लावण्याचा अधिकार मात्र कोणत्याही परवान्यात लिहिता येत नाही, आणि युरोप १०.६ अब्ज युरो मोजतो आहे तो त्यासाठी.